घरचं मत

मागच्या निवडणुकीत क्लचबाई पडल्या, याचं कुणालाच नवल वाटलं नाही. या मतदारसंघात पडायची मुभा सगळ्यांना होती, निवडून यायची मात्र एकाच घराला. उपनगर वसलं, मतदारसंघ झाला, तेव्हा पहिला आमदार झाला तो इथल्या इमारती बांधणारा ठेकेदार. त्याच्यानंतर त्याचा पुतण्या, आणि आता पुतण्याची बायको. मध्ये कधी एखादा डॉक्टर उभा राहिला, कधी निवृत्त मुख्याध्यापक, पण सगळे सपाटून आपटले. लोक मत द्यायला जात ते वीजबिल भरायला जावं तसे.

क्लचबाई गाडी चालवायला शिकवत. निम्मं उपनगर त्यांची बोलणी खात गाडी शिकलं होतं. पडण्याचं त्यांनाही फार वाटलं नाही. खुपलं ते वेगळंच. मतमोजणीनंतर केंद्रवार आकडे आले आणि त्यांच्या स्वतःच्या गल्लीच्या केंद्रावर त्यांना एक मत निघालं. ते त्यांचंच. घरात मतदार होते तीन.

"मी तुलाच दिलं गं," नवरा म्हणाला होता, "चष्मा नव्हता, बटण चुकलं असेल." सासूबाईंनी पाण्याचा पेला तोंडाला लावला तो बराच वेळ खाली ठेवला नाही. क्लचबाईंनी विषय तिथेच सोडला, पण ते एक मत चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं.

यंदा त्या पुन्हा उभ्या राहिल्या. आमदारीणबाईंची माणसं हसली. हसू देत. क्लचबाईंनी पायपीट करून गल्ल्यामागून गल्ल्या पालथ्या घातल्या आणि रविवारी सकाळी स्वतःच्या गल्लीत आल्या. एकही दार सोडायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. आपल्या दारापाशी आल्यावर सवयीने हात पर्समधल्या किल्लीकडे गेला. क्षणभर त्या थबकल्या. मग किल्ली तशीच ठेवून त्यांनी बेल वाजवली.

नवऱ्याने दार उघडलं. अर्ध्या गालाला साबण. "किल्ली विसरलीस?"

"नाही. मत मागायला आलेय."

"डोकं फिरलंय का? आत ये आधी."

"तुम्ही मतदार आहात, मी उमेदवार. घरात आणखी कोण आहे?"

त्याने बायकोकडे नीट पाहिलं आणि ती थट्टा करत नाही हे त्याच्या ध्यानात आलं. "आई," त्याने आत हाक मारली, "तुझ्याकडे आलेत."

सासूबाई भिंतीला धरत आल्या आणि दाराशी खुर्ची ओढून बसल्या. "बोल."

"आई, मी उभी आहे. मला मत द्या."

"मागच्या वेळी का नाही मागितलंस?"

"घरच्यांकडे काय मागायचं, म्हणून..." क्लचबाई सांगू लागल्या.

"ठेकेदार या दारात आला होता, तेव्हा भिंतींचा रंगही वाळला नव्हता," सासूबाई म्हणाल्या. "मग पुतण्या आला. त्याची बायको तर माझा हात हातात घेऊन बसली, गुडघ्यांची चौकशी केली. आणि तू? एका छपराखाली राहतेस. चहा टाकू का, हे विचारतेस, पण मत मात्र गृहीत धरलंस."

क्लचबाईंना राग आला. गुडघे रोज शेकतं कोण, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण म्हातारीचं खरं होतं, आणि खरं असल्यानेच ते झोंबलं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "म्हणून आज मागतेय."

"गल्लीत बस आणशील?"

"लगेच नाही. कोपऱ्यावर बस वळत नाही. मी रोज तिथे शिकाऊ पोरांना वळवते, छोटी गाडीसुद्धा घासते. आधी ती भिंत मागे घ्यावी लागेल. दोनेक वर्षं जातील. पण त्या भिंतीसाठी मी भांडेन."

"आमदारीण तर सहा महिन्यांत आणणार होती."

"आणली?"

"चौकातून चालत येते मी. तुला दिसत नाही?"

"दिसतं, म्हणूनच उभी राहिले. आणि पडले तरी पुन्हा राहीन."

"देईल गं ती मत," नवरा मध्येच म्हणाला.

"तू गप्प बस. आधी तुझा चष्मा शोध," सासूबाई म्हणाल्या. "मत गुप्त असतं. मी कुणाला देणार ते कुणाच्या बापाला सांगणार नाही."

क्लचबाईंनी मान डोलावली. वाईट वाटलं, पण मागायचं ते मागून झालं होतं. त्या पायरी उतरल्या तेवढ्यात मागून आवाज आला.

"माझ्या चपला कुठे आहेत? आणि तू थांब. समोर शिवणवाल्या काकूंकडे मी येते. तुझं मागणं म्हणजे ब्रेक दाब म्हणून ओरडल्यासारखं वाटतं."

सुनेच्या खांद्याचा आधार घेत त्यांनी रस्ता ओलांडला. शिवणवाल्या काकूंनी दार उघडलं. गळ्यात टेप, तोंडात टाचणी. दोघींना पाहून त्यांनी आधी टाचणी काढली.

"अगंबाई, आज सासूसुना एकदम? या, आत या. बसा."

"मी बसते, गुडघे बोलताहेत," सासूबाई म्हणाल्या. "ही नाही बसायची. ही उभी आहे."