मितालीचे फ्री पिरियड

"तुझ्या मितालीने काल मुगाची खिचडी काय मस्त केली गं!" कुंपणापलीकडून सेलिन म्हणाली आणि सुचित्राच्या हातातला ओला टॉवेल दोरीवर न जाता तिच्या खांद्यावरच राहिला.

"मितालीने?"

"हो ना. पहिल्यांदा तळाला लागली, दुसऱ्यांदा जमली. व्हिडिओवर दाखवली मला. आणि असाइनमेंट लेट होणार म्हणून एक्स्टेन्शनचा इमेलपण तिनंच लिहिला हं, मी नुसता वाचला. तुला बोलली असेलच."

"बोलली ना," सुचित्रा म्हणाली. साफ खोटं! आणि आवाज इतका गोड निघाला की तिचा तिलाच राग आला.

आठवडे उलटले होते लॉकडाऊनला. क्वेकर्स हिल या त्यांच्या उपनगरातून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची बंदी, त्यामुळे तीन तासांवरचं कॅनबेरा पुण्याइतकंच लांब गेलं होतं. त्याआधी एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी सुचित्रा आणि गुरुदत्त गाडीत बर्फाची पेटी घालून लेकीच्या हॉस्टेलवर पोळ्या, आमटी, भाज्या पोचवत होते. आता फोनवर मिताली रोज एकच सांगायची, "खाते गं मी, डोन्ट वरी."

काय खाते ते शेजारणीला माहीत होतं. आईला नाही.

सेलिनचा हेवा करावा असं सुचित्राला आजवर कधी वाटलं नव्हतं. उलट तिची कीवच यायची. सेलिन वसईची, वृद्धाश्रमात शिफ्टला जाणारी. तिची सेरेना मितालीच्याच वर्गात. दोघी अकरावीत गेल्या तेव्हा शाळेने पालकांना बोलावलं होतं. ही दोन वर्षं म्हणजे युनीची, युनिव्हर्सिटीची तालीम, बाईंनी सांगितलं. मुलांना मुद्दाम फ्री पिरियड दिलेत. त्या वेळेचं काय करायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या, अडू द्या, शिक्षकांकडे त्यांनाच जाऊ द्या. सुचित्राने मन लावून मान डोलावली आणि आठवड्याभरात त्या सगळ्या फ्री पिरियडमध्ये मॅथ्स आणि केमिस्ट्रीच्या ट्यूशन बसवून टाकल्या.

सेरेना मात्र फ्री पिरियडला लायब्ररीत खुशाल झोपा काढायची आणि शनिवारी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. "बारावीच्या वर्षी पोरीला कामाला जुंपलंय, काय आई म्हणायची!" हे गुरुदत्तला सांगताना सुचित्राला बरंच वाटायचं. पुढे कोविडने शाळा डायनिंग टेबलावर आणली, तेव्हा तर ती कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बसून लेकीला डाळिंबाचे दाणे भरवायची. शिक्षकांना इमेल मितालीच्या नावाने तीच लिहायची. "तू अभ्यास कर. दे, मी करते." निकाल लागला, मितालीचे मार्क सेरेनापेक्षा कितीतरी जास्त. काजूकतलीचा पहिला डबा सुचित्राने सेलिनकडेच नेला होता, आणि तो काही नुसत्या प्रेमाने नव्हे.

संध्याकाळी तिने व्हिडिओ कॉल लावला. मिताली हॉस्टेलच्या सामायिक किचनमध्ये होती. दुधाच्या कार्टनला फोन टेकवून ती वरणाला फोडणी द्यायच्या तयारीत होती.

"सेलिन आंटीला विचारतेस म्हणे सगळं."

"ओह. शी टोल्ड यू?"

"मी मेले होते का गं?" सुचित्राचा आवाज चिरकला. "सख्खी आई सोडून शेजारीण?"

"आई, प्लीज. मागच्या वेळी तुला म्हटलं मी अभ्यासात मागे पडलेय, तर तू माझा युनीचा पासवर्ड मागितलास."

"मदतच करत होते ना!"

"इथे सगळ्यांना सगळं येतं, आई. दोन लेक्चर्समध्ये वेळ मिळाला तरी मला भीती वाटते, आय डोन्ट नो व्हॉट टू डू. तुला विचारलं की तू म्हणतेस, दे, मी करते. आंटी विचारते, तू काय करून पाहिलंस? मग गप्प बसते."

सुचित्राच्या जिभेवर बरंच काही आलं. डाळिंब, पहाटेचे डबे, ट्यूशनच्या चकरा. पण तिला सलत होती ती सेलिनला दाखवलेली खिचडी नाही, तिने वाचलेला इमेलही नाही. त्या बाईला गप्प बसता येतं, याचाच तिला सगळ्यात जास्त हेवा वाटला.

तेवढ्यात मितालीने तेलात मोहरी टाकली. तेल फार तापलं होतं. धूर दिसायला लागला तशी सुचित्राने तोंड उघडलं, आणि मग घाईघाईने म्यूटचं बटण दाबलं.

"अगं, गॅस कमी कर! कढलं उतरव आधी. जळली बघ मोहरी. लसूण नको टाकूस आता, कडू होईल!" ती स्क्रीनला सांगत राहिली.

मितालीला काहीच ऐकू गेलं नाही. तिने कढलं उतरवलं, वास घेऊन नाक मुरडलं, काळी मोहरी टाकून दिली, कढलं पुसलं आणि नव्याने तेल घेतलं. या वेळी ती एक दाणा टाकून थांबली. तो तडतडला, मग बाकीचे टाकले. फोडणी वरणावर ओतताना चर्र झालं, आणि ती एकटीच हसली.

"आई? आहेस ना?"

"आहे गं," सुचित्रा म्हणाली. आवाज गेलाच नाही. बटणाकडे गेलेला अंगठा तिने मागे घेतला आणि कॅमेऱ्यासमोर नुसता हात हलवला.