विहिरीतल्या कासवाचं बयान

मी विहिरीतलं कासव बोलतोय. नागपुरात नागनदीच्या काठी एक वस्ती आहे, तिथली ही विहीर. बोलणं माझ्या जातीला शोभत नाही. पण माझ्या नावावर जे खोटं खपलं, ते आता पोटात राहत नाही.

बासष्ट साली वस्तीने ही विहीर आपल्या हातांनी खोदली. गिरणीतून सुटला की रुपराव पहार घेऊन खाली उतरायचा. या लोकांच्या कित्येक पिढ्या दुसऱ्यांच्या विहिरीपाशी ताटकळल्या होत्या. कोणी वरून ओतेल तेवढंच त्यांचं पाणी. धम्मदीक्षेनंतर सहा वर्षांनी स्वतःचा झरा लागला, तेव्हा रुपराव घळाघळा रडला. शेवाळ, किडे खाऊन पाणी साफ ठेवतं म्हणून विहिरीत कासव सोडायची इकडे रीत. रुपरावने मला नदीतून आणलं. तळहाताएवढा होतो मी.

पंधरा वर्षं मजेत गेली. बायका भाताची शितं टाकायच्या. मग नदीच्या वरच्या अंगाला रंगांचा आणि औषधांचा कारखाना आला. त्याचं सांडपाणी नदीतून जमिनीत झिरपत माझ्यापर्यंत पोचलं. दिसायला नितळच. पण आधी मासोळ्या मरून तळाला गेल्या, मग बेडूक संपले. माझ्या डोळ्यांवर पांढरा पडदा आला, पोटाचं कवच मऊ पडलं. वरून डोकावणाऱ्याला माझी पाठ तेवढी दिसायची.

रुपरावच्या सुनेला, जयवंताला, पहिल्यांदा शंका आली. “मामाजी, पाण्याले दवाईचा वास येऊन राहिला. पुलापलीकडच्या नळावरून आणू का?”

रुपराव भडकला. “पुन्हा लोकाच्या दारात उभं राहाचं काय वं? काहून? ते कासव पाय, कसं पोहून राहिलं! पाणी खराब असतं त मेलं नसतं काय?”

मला ओरडता येत नाही. तळाशी दडून बसावं, तर श्वासासाठी वर यावंच लागतं. वर आलो की रुपराव बोट दाखवायचा.

जयवंताची गोपिका तेव्हा दोन वर्षांची. आधी अंगावर चट्टे आले, मग उलट्या, मग तिला उभंही राहवेना. धंतोलीतल्या डॉक्टरने विचारलं, पाणी कुठलं? रुपराव अभिमानाने म्हणाला, “घरची विहीर हाय साहेब, कासव हाय तिच्यात.” धुणं धुताना जयवंता शेजारणीला हे सांगत होती. डॉक्टरने तरीही पाण्याची बाटली तपासायला मागवली. कागद आला तो पाणी पिऊ नका असं सांगणारा. तोवर गोपिका गेली होती.

कागद आला त्या दुपारी रुपराव एकटाच काठावर आला. हातात धोंडा होता. तो वाकून माझ्याकडे बघू लागला.

“तू कसा जित्ता राह्यला गा?”

 मारला असता तर बरं झालं असतं. पण त्याचा हातच उठेना. धोंडा तिथेच टाकून तो गेला.

आज सत्त्याऐंशी साल आहे. विहिरीवर जाळी बसवली आहे. कारखाना जोरात चालू आहे, त्याला कोणी जाब विचारला नाही. रुपराव रोज पुलापलीकडून पाणी आणतो. जयवंता हंडा उतरवून घेते, पण त्याच्याशी बोलत नाही.

बाबांनो, आमची जात चिवट. विषातही आम्ही वर्षानुवर्षं काढतो, तेवढी सवड लेकरांना मिळत नाही. माझ्याकडे बघून पाण्याची पारख करू नका. पाणी भरणारी बाई वास येतो म्हणाली, तर तिचं ऐका.