नाकावरचे दोन खड्डे

मुलांनो, डोळे उघडेच ठेवा आणि माझ्याबरोबर एका खोलीत चला. विद्यापीठाच्या कला विभागातली तळमजल्यावरची ही खोली. उंच खिडक्या, फरशीवर पांढऱ्या पावलांचे ठसे, कोपऱ्यात कमरेएवढा सिमेंटचा हौद. हौदात माती आहे. मळलेली, राखाडी, गार. आणि अकरा तिवयांवर अकरा डोकी. घाबरू नका, तीही मातीचीच.

खिडकीजवळचं डोकं शेपटीच्या आईचं.

शेपटी म्हणजे नऊ वर्षांची मुलगी. शाळा सुटली की बाबा कामावरून येईपर्यंत ती इथे येऊन ताईच्या मागे मागे फिरायची, म्हणून ताईच्या वर्गाने तिचं हे नाव पाडलं होतं. ताई इथे शिल्पकला शिकत होती. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं.

आता इथली रीत ऐका. मातीचं शिल्प ओलं आहे तोवरच धड. वाळलं की तडकतं. टिकवायचं तर त्यावरून साचा घेऊन प्लॅस्टरमध्ये ओतावं लागतं. पण विभागात प्लॅस्टर बेताचंच यायचं, म्हणून वर्गातली दोनच डोकी ओतली जात. कोणती, ते सर ठरवत. उरलेली नऊ परत हौदात. तीच माती पुढच्या वर्षीच्या मुलांना.

म्हणजे आईला घरी न्यायचं तर त्या दोघांत नंबर लागायला हवा होता. बाबांनी कपाटावरची जागा पुसूनसुद्धा ठेवली होती.

शेपटीचं काम ठरलेलं. घरून आणलेला उशीचा जुना अभ्रा भिजवायचा, पिळायचा आणि जाताना आईच्या डोक्यावर पांघरायचा. पण एक काम तिने याहून मोठं केलं होतं. आईच्या नाकावर चष्म्याचे दोन खड्डे असायचे. चष्मा काढला की दिसायचे. त्यासाठी ताईची बोटं पडली जाड.

"तुझी करंगळी आण इकडे," ताई म्हणाली.

शेपटीने जीभ दातांत धरून नाकाच्या दोन्ही बाजूंना हळूच दाबलं.

"अगं बाई, आलीच की ही!" ताई म्हणाली, आणि दोघी कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या.

निवडीला पंधरा दिवस उरले तेव्हा सर तिवईपाशी आले.

"हात चांगला आहे तुझा. पण ही आठवण झाली, शिल्प कुठाय? गाल कापून सपाट कर. ते हसू काढ. आणि नाकाला काय झालंय, उंदराने कुरतडलं का?"

वर्ग हसला. ताईही हसली. सरांच्या विनोदाला हसावंच लागायचं.

"असं केलं तर ओतायला घ्याल, सर?"

"बघू. कर तर आधी."

'बघू' म्हणजे 'हो' असं ताई धरून चालली. मोठी माणसंही असं धरून चालतात, बरं का. दुसऱ्या दिवशी गाल गेले. आठवड्याभरात हसू गेलं. शेवटी ताईने ओल्या बोटाने नाक गुळगुळीत केलं.

"ताई, आई अशी नव्हती."

"माहितीये गं मला. आधी घरी तर येऊ दे तिला."

"पण मग कोण येईल?"

"चुरूचुरू बोलू नकोस. फडकं भिजव जा."

निवडीच्या दिवशी सर हातात खडू घेऊन फिरले. ज्या तिवईवर फुली, ते डोकं ओतायचं. पहिली फुली दाराजवळ पडली. मग ते आईपाशी थांबले. मान तिरकी केली.

"पहिलं बरं होतं गं," ते म्हणाले. "त्यात कुणीतरी होतं. हे कुणाचंही वाटतं."

"सर, तुम्हीच सांगितलं होतंत..."

"मी सांगेन ते सगळं करायचं असतं का? कलाकार ना तू?"

दुसरी फुली शेजारच्या तिवईवर पडली. सर चहाला गेले.

विभागाच्या शिपायांना सगळे मामा म्हणत. ते उरलेली डोकी मोडायला लाकडी मोगरी घेऊन आले आणि ताईजवळ घुटमळले. "पोरी, पाचच्या आत हौद भरायचाय. मोबाईलवर एक फोटो तरी काढून घे."

ताईने मोबाईल काढला, त्या चेहऱ्यासमोर धरला आणि खाली घेतला.

"कुणाचा काढू, मामा?"

मामांनी मोगरी पुढे केली, ती तिने घेतली नाही. दोन्ही हातांनी तिने ते गाल धरले आणि अंगठे आत घातले. तुकडे हौदात पडत गेले, थप्, थप्. मातीला आधार देणारी आतली सळई पुसून तिने भिंतीला टेकवली. मग बाबांना फोन करायला म्हणून जिन्यापाशी गेली आणि तिथे मोबाईलकडे बघत नुसतीच उभी राहिली.

शेपटी हौदाशी एकटी उरली. आता बघा, ती काय करते.

चवड्यांवर उभं राहून तिने ताईने टाकलेली माती तळहाताने सारखी केली. करंगळीने शेजारी शेजारी दोन खड्डे दाबले. मग अभ्रा नळाखाली धरला, घट्ट पिळला आणि कडा नीट खोचून त्या जागेवर पांघरला.