टोकाची बाई

कुंताबाईंनी ओले हात लुगड्याला पुसले आणि चित्रावरची चादर ओढली. लेक कामिनीने नागपुरात काढून आणलेलं ते तैलचित्र एकोडीच्या घराची निम्मी भिंत अडवून बसलं होतं. आभाळात वाकलेली आठ हातांची बाई, कमरेखाली माशाची शेपटी, दोन्ही बाजूंना पंखवाल्या बाया. सगळ्या मागे सरकत चाललेल्या, आणि पुढ्यात हिरव्या ज्योतींच्या ओळी.

निवृत्त चित्रकला शिक्षक भैय्याजींनी सकाळीच येऊन अर्थ सांगितला होता. ही जलदेवता जगापासून मागे हटते आहे. पोरगी आतून खचली आहे, तिला एकटीला परत पाठवू नका. कुंताबाईंनी कामिनीची बॅग धान साठवायच्या ढोलीमागे दडवली. नागपूरची चारची बस चुकली, की पुढचं पुढे.

आता त्या एकट्याच चित्रासमोर उभ्या होत्या. एक ज्योत, वीतभर जागा, पुन्हा एक ज्योत. त्यांना हसूच आलं. धानाची रोवणी मागे सरकतच करायची; पुढे चालणारी बाई आपलंच रोवलेलं तुडवते, हे एकोडीतलं शेंबडं पोरही सांगेल. भैय्याजींचा जन्म शाळेत गेला, चिखलात पाय घातला कधी? आभाळ कसलं, पाण्याने भरलेलं धानाचं शेत, बांधी ती. ज्योती म्हणजे पऱ्हे, धानाची कोवळी रोपं. पंख म्हणजे पावसासाठी पाठीला बांधलेली मेणकापडं, आणि शेपटी म्हणजे ओल्या लुगड्याचा काष्टा.

जिवात जीव आला तसे त्यांनी हात पाहिले; भराभर चालणारे दोनच हात पोरीने आठ करून काढले होते. उजव्या चारांत पऱ्ह्यांच्या पेंड्या होत्या. रोवत होते ते डावे चार.

कुंताबाई डावखुऱ्या. कोपर शेजारणीला लागतं म्हणून तीस वर्षं त्यांना रांगेच्या टोकालाच उभं करत आले होते. डेबरी म्हणून बाया हसत, त्याही हसत. पण टोकाला एकटं वाटायचं ते वाटायचंच.

कामिनी चहा घेऊन आली.

"काहून हसून राहिली, आई?"

"टोकाची डेबरी मधात काहून उभी केली वं?"

कामिनीने कप त्यांच्या डाव्या हातात दिला.

"चित्र माझं हाय. रांगबी मीच लावली."

कुंताबाईंनी चहा घोटाघोटाने, पुरवून प्यायला. मग उठून ढोलीमागची बॅग ओढून आणली आणि तिच्यावरचा भुसा झटकला.

"चारची बस हाय नं? आवर मंग लवकर."