ट्रंकेतला पुंजा

मी एक जुना रबरी बाहुला आहे. माणसाएवढा, दुमडत्या पायांचा, तोंडात हवा फुंकली की छाती फुगवणारा. माझं नाव पुंजा. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं असण्याची शक्यता नाही. नाशिकला पंचवटीत एका रुग्णवाहिका केंद्राच्या बाहेरच्या खोलीत, लोखंडी ट्रंकेत मी कोंडलेला आहे. गुडघे हनुवटीला टेकलेत आणि कुलूप बाहेरून आहे. येणारे-जाणारे बाक समजून खुशाल माझ्यावर बसतात.

कारखान्यातून आलो तेव्हा मला नाव नव्हतं. गाडीवरची माणसं यायची, सरावासाठी माझी छाती दाबायची आणि चहाला जायची. मग शिकवायला मंगलाबाई आल्या. त्या जुन्या नर्स. त्यांच्या वॉर्डात एकदा हरसूलकडचा एक माणूस दारू पिऊन बेशुद्ध अवस्थेत आला होता. नशा उतरावी म्हणून बायकोनं वाटेत त्याला लिंबूपाणी पाजलं. ते श्वासनळीत गेलं आणि तो दगावला. गाडीवरच्या लोकांनी तिला शिव्या घातल्या, पण तिला थांबवलं कोणीच नव्हतं. त्या माणसाचं नाव पुंजा. बाईंनी तेच मला दिलं. नाव मिळालं याचा मला फार आनंद झाला, खोटं कशाला बोलू!

बाईंचा वर्ग म्हणजे गंमतच असायची. त्या डोक्यावर पदर घेऊन माझ्या उशाशी बसायच्या, माझी बायको व्हायच्या. गाडीवरचा माणूस आत येऊन खेकसायचा, "किती ढोसलीय यानं?" बाई मान खाली घालून म्हणायच्या, "नाय ओ, ते पीतच नाय. ऊन लागलं." सगळे फिदीफिदी हसायचे. सर्वांत मोठ्यानं हसायचा ड्रायव्हर खंडेराव. "बाई, तुम्ही नाटकात जा!"

"हसून घे," बाई म्हणायच्या. "सासू समोर उभी, गल्ली दारात जमलेली. ती खरं सांगेल कशी? सासूला काहीतरी काम सांग. बायकोला बाजूला घे, हळू विचार. बेवडा म्हणू नकोस, नावानं हाक मार. लिंबू हिसकावू नकोस, शुद्धीवर आल्यावर देऊ म्हण. आणि सगळ्यात आधी त्याला कुशीवर वळव."

मग खंडेराव मला कुशीवर वळवायचा. तेच माझे सुखाचे दिवस.

बाई निवृत्त झाल्या. नवे साहेब म्हणाले, "छाती दाबायला शिकवा, सासवा-सुना कशाला?" पुढे छाती दाबायला नवा बाहुला आला आणि मला ट्रंकेत घालून कुलूप लावलं. आत अंधार असतो. रबर रबराला चिकटतं. भोंगा वाजवत गाडी निघाली की जीव कासावीस होतो, पण हलता येत नाही.

एका भर दुपारी बाहेर टेम्पो थांबला. मखमलाबादकडे फुलशेती करणारं कुटुंब होतं. भिमाजी नावाच्या माणसाला आणून माझ्याच झाकणावर उताणा निजवलं. त्याच्या घशातली घरघर मला पत्र्यातून ऐकू येत होती.

"माझा लेक माळकरी हाय," त्याची आई रंगूबाई सांगत होती. "थेंब घेत नाय. ऊन लागलं त्याला."

कुंदन नावाचा नवा मदतनीस होता. त्याचा विश्वास बसला. "मग लिंबूपाणी द्या, खंडेरावकाका गाडी लावतच आहेत."

माझ्या डोक्यावर त्याच्या बायकोच्या पेल्यात चमचा वाजू लागला. मित्रांनो, मला सगळं ठाऊक होतं आणि मला आवाज नव्हता. पाजू नका, कुशीवर वळवा, एवढंच तर सांगायचं होतं! मी नुसता घुसमटत पडून राहिलो.

तेवढ्यात गाडी लावून, दारात जमलेल्यांना नाव विचारून खंडेराव आत आला. केस पिकले असावेत, आवाज मात्र तोच होता.

"भिमाजी! ओ भिमाजीभाऊ!" त्यानं हाक मारली आणि त्याला कुशीवर वळवलं. "वहिनी, पेला ऱ्हाऊ द्या हातात. शुद्धीवर आले की तुम्हीच पाजा. मावशी, टेम्पोतनं चादर आणता का? कुंदन, लोकांना बाहेर घे."

रंगूबाई लगबगीनं गेली. खंडेरावनं आवाज खाली आणला. "वहिनी, मी फक्त डॉक्टरला सांगंन. दुसऱ्या कोणाला नाय. काय घेतलं त्यांनी?"

सून दीपमाला म्हणाली, "सकाळपासनं पीत होते. आन् वर सासूबाईंच्या झोपेच्या गोळ्या. लय घेतल्या ओ. वाचतील ना?"

"चला, बसा गाडीत."

भिमाजी वाचला. गोळ्यांचं वेळेवर कळलं म्हणून वाचला, असं डॉक्टर म्हणाले. काही दिवसांनी रंगूबाई झेंडूची टोपली घेऊन आली आणि ती माझ्याच झाकणावर ठेवून गेली.

त्या संध्याकाळी कुंदननं विचारलं, "खंडेरावकाका, हे कुठं शिकलात?"

खंडेरावनं झाकणावर थाप मारली. "ह्याच्यावर. पुंजा हाय आत."

"मग उघडा की. मलाही शिकवा."

किल्लीची शोधाशोध झाली. ती कोणाकडेच नव्हती. साहेबांना विचारू, असं ठरलं आणि राहून गेलं.

मित्रांनो, खंडेराव या दिवाळीला निवृत्त होतोय. नशेत पडलेला माणूसही कोणाचा तरी भिमाजी असतो, आणि त्याच्या उशाशी बसलेल्या बाईला आधी धीर लागतो. हे शिकवणं किल्लीवाचून अडू देऊ नका. माझी कीव नका करू. एक हातोडा आणा आणि कुलूप तोडा, कारण कुंदनला मला अजून एकदाही कुशीवर वळवता आलेलं नाही.