खुर्चीपुढे वाचलेले अर्ज

मी वाचक आहे. म्हणजे खुर्चीला वाचून दाखवतो. हसू नका, कायम नोकरी आहे, आणि साम्राज्याच्या चार हजार ग्रहांवर चार हजार वाचक हेच काम करतात.

नीट सांगतो. साम्राज्यात महान्यायमूर्ती एकच. प्रत्यक्ष सम्राटाचा हुकूम फिरवण्याची ताकद त्या एका माणसात आहे, असं आम्हाला शाळेत घोकून घेतलं होतं. पण एक माणूस चार हजार ठिकाणी बसणार कसा? म्हणून त्याच्या जागी खुर्ची बसते. आमच्याकडची काळ्या लाकडाची, उंच पाठीची आहे आणि तिच्या उजव्या हाताखाली एक जाळीची पेटी आहे. इथे बोललेलं त्या पेटीतून राजधानीला जातं आणि न्यायमूर्तींचं उत्तर तिच्यातूनच येतं. खालच्या कोर्टाने शिक्षा दिलेल्या माणसाचा अर्ज मी खुर्चीसमोर उभं राहून वाचायचा, मग सगळ्यांनी पाव तास गप्प राहायचं. नियम भिंतीवर रंगवलेले आहेत. नववा नियम सांगतो, त्या पाव तासात आसनाकडून एक शब्द जरी आला तरी शिक्षा थांबेल आणि पूर्ण सुनावणी होईल. दहावा सांगतो, शब्द आला नाही तर खालचा निकाल कायम. अकरावा आमच्यापुरता: वाचक खाली बसला की कामकाज संपलं.

एकोणीस वर्षांत मी चारशे अकरा अर्ज वाचले. शब्द एकदाही आला नाही.

तुम्ही म्हणाल, मग तुला शंका कशी आली नाही? नाही आली. मला वाटायचं, केवढा मोठा माणूस, किती खोल विचार करत असेल. माझा आवाज खणखणीत आहे, त्याचा मला फार अभिमान होता. मी घरी बायकोला सांगायचो की आज न्यायमूर्तींनी पूर्ण ऐकून घेतलं. ती म्हणायची, तुमचं बोलणं मध्ये न तोडता ऐकणारा जगात तो एकच.

आमच्या कोर्टाला पाव पुरवणारा एक म्हातारा आहे. त्याची बायको भट्टी चालवायची. सैन्याच्या तळासाठी किडकं पीठ भाजायला तिने नकार दिला म्हणून तिला सात वर्षं बर्फाच्या कड्यांवर पाठवलं. कडी म्हणजे ग्रहाभोवती फिरणारे बर्फाचे पट्टे. तिथे कैदी बर्फ फोडतात. ती चौथ्या वर्षी तिथेच वारली. तेव्हापासून म्हातारा दर सुनावणीला मागच्या बाकावर येऊन बसतो आणि निघताना मला एकच विचारतो, "साहेबांनी ऐकलं होतं ना हो तिचं?" मी दर वेळी सांगायचो, शब्द न् शब्द ऐकला. त्याला बरं वाटायचं. खरं म्हणजे मलाही बरं वाटायचं.

मग या वर्षी चारशे बारावा अर्ज आला, आणि तो माझ्या धाकट्या मुलीचा होता.

ती हवा तपासायचं काम करते. तिसऱ्या मजल्यावरच्या वस्तीत हवेचा पंखा विषारी वाफ ओढत होता, म्हणून तिने तो मजला रिकामा करून सील केला. चाळीस कुटुंबं वाचली. पण त्याच पंख्यावर सुभेदाराची धातूची भट्टी चालायची, ती नऊ दिवस बंद पडली. झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी. साम्राज्याच्या कामात अडथळा म्हणून खालच्या कोर्टाने तिला बारा वर्षं कड्यांवर ठोठावली. अर्ज फेटाळला गेला तर त्याच दुपारच्या जहाजाने ती जाणार होती. नातेवाइकाने न्याय करू नये असा नियम आहे, वाचू नये असा नाही, आणि ग्रहावर वाचक मी एकटाच.

आता जे सांगतो त्याची मला लाज वाटते. चारशे अकरा अर्ज वाचताना माझ्या मनात आलं नव्हतं, पण पोटच्या पोरीचा कागद हातात पडल्यावर आलं: आवाज नीट जातो ना, ते एकदा बघून घ्यावं. मी दुरुस्ती खात्यातल्या तारवाल्या बाईंना कामाची चिठ्ठी लिहून दिली. पेटीतून आवाज नीट जाईल असं करणे, एवढंच तिच्यात होतं.

सुनावणीच्या आदल्या सकाळी बाई आल्या. त्यांनी पेटी उघडली, जमिनीतली फळी उचलली आणि तारेचा माग काढत भिंतीतल्या कपाटापर्यंत गेल्या. त्या कपाटात आम्ही झाडू ठेवायचो. झाडूमागे तारेचं टोक सुतळीने गुंडाळून खिळ्याला टांगलेलं होतं आणि त्याला एक पिवळा पडलेला कागद बांधला होता. 'मंजुरी येईपर्यंत जोडू नये.'

"ही कधी निघाली?" मी विचारलं.

"निघाली नाही," बाई म्हणाल्या. "जोडलीच नव्हती. टोकाचं टोपण अजून कारखान्यातलं आहे, बघा."

मी ते टोपण बोटांनी चाचपून पाहिलं. मग तो कागद सोडवला आणि पीठ-अधिकाऱ्याच्या, म्हणजे न्यायमूर्तींच्या आसनाची व्यवस्था बघणाऱ्या साहेबांच्या खोलीत गेलो. या साहेबांना सगळं कोर्ट खुर्चीसाहेब म्हणतं, कारण रोज ते स्वतःच्या हाताने खुर्ची पुसतात. त्यांनी कागद पाहिला, चष्मा पुसला आणि कपाटातून एक नंबरची फाइल काढून माझ्यासमोर ठेवली. आवाज न चढवता त्यांनी जे सांगितलं ते असं. कोर्ट उभं राहिलं तेव्हा तार जोडायला न्यायमूर्तींची मंजुरी लागत होती. मंजुरीचा अर्ज करायचा तर तो रीतीप्रमाणे खुर्चीसमोर वाचायला हवा. तसा तो वाचला. पाव तास वाट पाहिली. उत्तर आलं नाही. मग दहाव्या नियमाप्रमाणे खालचा आदेश कायम झाला, आणि खालचा आदेश होता, जोडू नये.

"तार जोडलेली नसताना उत्तर येणार कुठून?" मी म्हणालो.

"तो प्रश्न अर्जात नव्हता," ते म्हणाले. "आणि वाचला कोणी होता, बघा ना."

मी फाइल उघडली. खाली माझी सही होती. नोकरीचा पहिला दिवस, चारशे अकरातला पहिला अर्ज. कोरा गणवेश घालून, छाती काढून मी तो वाचला होता, आणि साहेबांनी माझ्या आवाजाचं कौतुक केलं होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकोणीस वर्षं आम्ही माणसं लाकडाला वाचून दाखवली आणि लाकूड गप्प राहिलं म्हणून त्यांना बर्फात पाठवलं. मी ते मोठ्याने बोललो. साहेब म्हणाले की नियमाचं पालन झालं आहे, चूक कोणाचीच नाही, आणि मुलीचं प्रकरण असल्याने माझी मनःस्थिती ते समजू शकतात. हे समजून घेणं मला सर्वात जास्त झोंबलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

सुनावणीच्या खोलीत परत आलो तेव्हा बाई हत्यारं आवरत होत्या. मी म्हणालो, बाई, आता काय करायचं, मंजुरी तर नाही. त्यांनी मला माझीच चिठ्ठी दाखवली.

"यात लिहिलंय आवाज जाईल असं करा. जात नव्हता, आता जाईल. मंजुरीचं तुमच्या खात्याचं तुम्ही बघा, माझं खातं वेगळं आहे." त्यांनी तार जोडली होती. फळी परत बसवताना त्या एवढंच म्हणाल्या की पलीकडे कोणी असेल की नाही ते त्यांना सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता धाकटीला आणलं. हातात बेड्या, अंगावर कैद्यांचा करडा कोट, तो तिला ढगळ होत होता. पहिल्या बाकावर बायको पदराची गाठ मुठीत धरून बसली होती. मागे पाववाला म्हातारा. मी जवळून जाताना धाकटी हळूच म्हणाली, "बाबा, नेहमीसारखंच वाचा. माझ्यासाठी वेगळा आवाज काढू नका."

नेहमीसारखंच वाचलं. चाळीस कुटुंबं, पंख्याचा नंबर, वाफेचं प्रमाण, तारीख. कुठे अडखळलो नाही. शेवटचा शब्द झाला आणि खुर्चीसाहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. इतक्या वर्षांत त्या शांततेला मी काय काय नावं दिली होती, गांभीर्य काय, गहनता काय. आता ती नुसती रिकामी वाटत होती. बाराव्या मिनिटाला बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मी नजर चुकवली. तेराव्या मिनिटाला पहारेकऱ्याने धाकटीच्या दंडाला हात लावला. जहाजाच्या लोकांना वेळ पाळायची असते.

चौदाव्या मिनिटाला पेटी खरखरली.

"कोण बोलतंय?"

आवाज पुरुषाचा होता, कंटाळलेला, आणि तोंडात घास असावा. "हॅलो? ही लाइन तर बंद म्हणून लिहिलीय. कोण आहे तिकडे?"

खुर्चीसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी भिंतीकडे बोट केलं आणि नववा नियम वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, खणखणीत. एक शब्द जरी आला तरी. इथे तर चांगले डझनभर आले होते. साहेब म्हणाले की हा कोणी कारकून असेल, न्यायमूर्ती नव्हेत. मी म्हणालो, नियमात 'आसनाकडून' लिहिलंय, आणि कारकून खुर्चीतून बोलला आहे. आयुष्यभर ज्या नियमाआड ते लपले त्याच नियमाने त्यांची वाट अडवली. बराच वेळ त्यांनी भिंत वाचली. मग पहारेकऱ्याला मान हलवून खूण केली. बेड्या निघाल्या. धाकटी तिथेच जमिनीवर बसली आणि बायको धावत तिच्यापाशी गेली.

"अहो, कोण आहे?" पेटी पुन्हा म्हणाली.

मला बसायची मुभा होती. बसलो असतो तर कामकाज संपलं असतं आणि लेकीला घेऊन घरी गेलो असतो. पण मी बसलो नाही.

"मी वाचक बोलतोय," मी म्हणालो. "लाइन ठेवू नका. चारशे दहा माणसांचं राहिलंय."

मी अर्जांचं कपाट उघडून जुन्या फाइली काढल्या आणि पाववालीची वर घेतली. मागच्या बाकावरून म्हातारा उठून पुढे आला. त्याने खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"साहेब ऐकतायत का हो आता?"

"माहीत नाही, बाबा," मी म्हणालो. "मला कधीच माहीत नव्हतं. पण आज आवाज जातोय."

आणि मी वाचायला लागलो.