एकतीस जणांचे ‘होय’

सन १९३९. अकोल्याच्या कापूस बाजाराकडे सकाळपासून बैलगाड्या चालल्या होत्या, आणि गाड्यांमागे शाळेची पोरं. मूठभर कापूस ओढायचा, वाण्याला द्यायचा, फुटाणे घ्यायचे. हा उद्योग साऱ्या गावाला ठाऊक! पण गाडीवानाने धरून आणला तो नेमका शालिकराम, अस्पृश्य वस्तीतून शाळेत आलेला एकुलता एक मुलगा. मग काय, त्याला शाळेतून काढायला आयतंच निमित्त मिळालं.

शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष मोरोपंत वकील यांनी वर्गशिक्षक चिंतामण मास्तरांना फर्मावलं, "वाईट चालीच्या मुलांची जातवार यादी करा. शिक्षेचं पुस्तक बघा, म्हणजे झालं."

मास्तर चरफडले. त्या पुस्तकात सापडलेल्यांचीच नावं; न सापडलेल्यांचं काय? त्यांनी वर्गातल्या बेचाळीसही मुलांना कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. "नाव घालू नका. गाडीतला कापूस कधी ओढला का, एवढंच खरं लिहा. कोणाचं नाव बाहेर जाणार नाही, हा माझा शब्द."

एकतीस चिठ्ठ्यांवर ‘होय’ निघालं.

बैठकीत हा आकडा ऐकताच मोरोपंत उसळले. "अशक्य! आमच्या घरची मुलं आहेत तिथे. तुम्ही अक्षरं ओळखता. नावं सांगा, नाहीतर शालिकरामला काढायच्या ठरावावर सही करा. दोन्ही जमत नसेल, तर नोकरीवर पाणी सोडा."

मास्तरांच्या घरात तीन लेकरं, लग्नाची बहीण. पण शब्द दिला होता ना!

"नावं मिळणार नाहीत. काढायचं तर एकतीस जणांना काढा. एकट्या त्याच्यासाठी माझी सही नाही."

तेवढ्यात मंडळाचे सभासद जानराव पाटील खाकरले. "पंत, गाडी माही होती. त्या दिवशी माह्याच पोट्ट्याच्या खिशात बी कापूस निंगाला. गाडीवानानं त्याले गुपचूप घरी धाडलं, अन् शालिकरामले ओढत शाळेत आणलं. काहून? आता कोन्या तोंडानं सही करू मी?"

ठराव बारगळला. मात्र मास्तरांना महिन्याभराने नोकरी सोडण्याची नोटीस मिळाली.

दुसऱ्या दिवशी मास्तर वर्गावर आले. शालिकराम नेहमीप्रमाणे व्हरांड्यात, दाराबाहेर बसला होता. दोन वर्षं त्याला तिथे आपणच बसू दिलं, या विचाराने मास्तरांना स्वतःची लाज वाटली.

"आत ये," ते म्हणाले. "पहिल्या बाकावर बस. कोणी उठवायला आलं, तर आधी माझ्याशी गाठ आहे म्हणावं."